आठ वनस्पतींची शपथ

आ-त्वानचा आवाज एवढा मोठा होता की भर समुद्रातल्या माणसाला ती किनाऱ्यावरून जेवायला बोलावू शकेल, असं तिच्याशी न पटणारे लोक म्हणत. पटणारेही तेच म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. देवाने गळा दिलाय तो गिळण्यापुरता नाही, असं तिचं मत होतं, आणि तिची सगळीच मतं अशी ठाम असत.

युनलिनच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात बायका सकाळपासून पत्र्याच्या शेडमध्ये बुटक्या स्टुलांवर बसून कालवं फोडतात. हात चालू, तोंड चालू आणि मधोमध उलट्या बादलीवर ठेवलेला रेडिओ चालू. रेडिओवर स्टेशन एकच, ते आ-ह्योंगचं. या स्टेशनला परवाना नव्हता. त्याचा मनोरा डोंगरात कुठेतरी होता, आणि सरकारी लोकांनी तो पाडला की पंधरवड्यात दुसऱ्या डोंगरावर उभा राहत असे. बायका तेवढे दिवस चुकल्याचुकल्यासारख्या बसत.

आ-ह्योंग औषध विकत नसे. तो चौकशी करे, औषध आपोआप विकलं जाई. "बंदरावरच्या मावशी, सून बोलते का आता?" "घाटाखालचे काका, झोप लागली?" असं एकेकाचं नाव घेऊन तो विचारायचा, आणि तेही सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं. लोक फोन करायचे, एक गाणं म्हणायचे, मग गोळ्यांचे गुण गायचे, मग आणखी दोन डबे मागवायचे. दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून एक माणूस डबे आणून टाकायचा. त्याला काही विचारलं तर तो नुसता हसायचा.

आ-त्वानचा नवरा ह्वेसिंग हा आ-ह्योंगचा पहिल्या रांगेतला भक्त. उभा जन्म त्याने चिखलात उतरून कालवांचे बांबू रोवले होते, त्यात गुडघ्यांचा भुगा झाला होता. सहा वर्षांपूर्वी त्याने ती 'आठ वनस्पतींची गोळी' सुरू केली आणि आठवड्याच्या आत तो देवळाच्या पायऱ्या धडधडा चढून गेला. खोटं कशाला बोला, आ-त्वाननेही तेव्हा आनंदाने शेजारणीला मिठी मारली होती. पुढे त्याचा चेहरा भरला, गाल वर आले, हनुवटी गोल झाली. गावात म्हाताऱ्याचा गोल चेहरा म्हणजे घरात लक्ष्मी आल्याची खूण. जो तो म्हणे, "ह्वेसिंग, काय तेज आलंय रे तोंडावर! म्हातारपणी नशीब उघडलं." ह्वेसिंग आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहू लागला. रेडिओवर फोन करून तो आपल्या गुडघ्यांची कहाणी अशी रंगवून सांगे की ऐकणाऱ्याने स्वतःचे धड गुडघेही दुखवून घ्यावेत. त्याच्या शब्दावर किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत ते डबे गेले.

मग त्याच्या पायांवर सूज आली. शिंपला नुसता घासला तरी कातडी फाटायला लागली. लघवीला फेस. आ-त्वानने हे सगळं पाहिलं, तोंडातून अवाक्षर न काढता एक गोळी रुमालात बांधली आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर को यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. आ-त्वान गप्प राहून काही करते म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं. पण तपासणीचा निकाल आला तेव्हा त्याही गंभीर झाल्या.

"आत्या, यात वनस्पती नावालाच आहेत. स्टेरॉइड आहे, भरपूर. काकांचा चेहरा गोल झालाय तो त्यानेच. आणि दुखणं मारायचं एक औषध, तेही असं की मूत्रपिंडाची वाट लावतं. कोण कुठे बनवतं, काही पत्ता नाही. पुढच्या डब्यात काय असेल ते बनवणाऱ्यालाही माहीत नसेल. काकांना घेऊन या. त्यांची मूत्रपिंडं अजून वाचतील. असंच चाललं तर वर्षभरात आयुष्यभरासाठी रक्त गाळायच्या मशीनवर जातील."

"घेऊन कशाला येऊ? आत्ता जाते आणि सगळे डबे खाडीत टाकते."

"अजिबात नाही!" डॉक्टर को फार भरभर बोलत, त्यांनी आणखी वेग घेतला. "सहा वर्षं शरीराला सवय झालीय. एकदम बंद केलं तर माणूस जागच्या जागी कोसळेल. हळूहळू उतरवायचं असतं, माझ्या नजरेखाली. आणि चोरून खाल्ल्या तर मला कळणार कसं? त्यांनी स्वतःहून यायला हवं, आत्या. स्वतःच्या मनाने."

हे 'स्वतःच्या मनाने' ऐकून आ-त्वानने कपाळावर हात मारला. डबे खाडीत टाकणं सोपं होतं. ह्वेसिंगचं मन वळवणं म्हणजे भरतीला ओहोटीची वेळ समजावणं.

"मशीनच्या खुर्च्या रिकाम्या आहेत त्यांच्या," ह्वेसिंग पेज भुरकत म्हणाला. "म्हणून बोलावतायत. आ-ह्योंगने आधीच सांगून ठेवलंय. म्हणाला, दादा, एक दिवस कुणीतरी येईल आणि म्हणेल गोळी खराब आहे. आज आलीस तू."

"अरे माकडा, मी तुझी बायको आहे!"

"तेही तो म्हणाला होता, घरातलंच माणूस असेल."

आता बोला. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. आ-त्वानने भांडून पाहिलं, रडून पाहिलं, ताइचुंगला राहणाऱ्या लेकाला फोन करायला लावलं. लेकाने फोनवर पाच मिनिटं उपदेश केला आणि पाचव्या मिनिटाला त्याला ऑफिसातून बोलावणं आलं. "बघ," फोन ठेवून ह्वेसिंग म्हणाला, "आ-ह्योंगला कधी बोलावणं येत नाही."

ते तिला लागलं. रात्रभर तळमळली असं मात्र नाही, आ-त्वान पडल्या पडल्या झोपणारी बाई होती. पण दुसऱ्या दिवशी कालवं फोडता फोडता तिने विचार केला. हा मला भीत नाही, डॉक्टरला भीत नाही, पोराला तर नाहीच. मग हा भितो कुणाला? आणि उत्तर समोरच होतं, शेडच्या पलीकडे, लाल कौलांच्या देवळात. ह्वेसिंग एकट्या ओंग-याला भीत असे.

ओंग-या हा त्या किनाऱ्याचा राजा, रोगराई हाकलणारा देव. कोर्टात न सुटणारी भांडणं त्याच्यासमोर सुटत. बोट कुणाची, बांबू कुणी चोरले, असा वाद पेटला की आरोप असलेल्याने देवळात यायचं, पांढऱ्या कोंबड्याची मान फळीवर ठेवायची आणि म्हणायचं, मी खोटं बोलत असेन तर माझं आणि माझ्या घराचंही असंच होवो. मग कोयता. आ-त्वानने हे जन्मात दोनदाच ठरताना पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा खोटारडा माणूस देवळाकडे फिरकलाच नव्हता. पोलिसांसमोर बिनदिक्कत खोटं बोलणारे लोकही कोंबडा म्हटलं की पायाला पाय लावून पळतात.

तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि शेडमधल्या सगळ्या बायकांसमोर आ-ह्योंगला फोन लावला.

आधी गाणं म्हणणं भाग होतं. तिने बंदराचं एक जुनं गाणं अशा काही सुरात म्हटलं की शेडबाहेरचं कुत्रं उठून गेलं.

"वा वा!" रेडिओतून आ-ह्योंग म्हणाला. "काय गोड गळा! कोण बोलतंय?"

"आ-त्वान. ह्वेसिंगची बायको."

"अरे, वहिनी! दादांचे गुडघे काय म्हणतात?"

"गुडघे झकास आहेत. आ-ह्योंग, एक विचारू का? इथे एक डॉक्टरीण म्हणते, तुझ्या गोळीत विलायती औषध मिसळलंय."

शेडमधल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. पण आ-ह्योंग काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो मोकळेपणी हसला. "वहिनी, ज्याचा धंदा बसतो तो बोलणारच. आठ वनस्पती, खोल डोंगरातल्या, बाकी काही नाही. देवाशपथ!"

"देवाशपथ म्हणालास ना?" आ-त्वान म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं ना गं बायांनो? मग झालं तर! पुढच्या महिन्यात आमच्या ओंग-याचा उत्सव आहे. ये. कोंबडा आमचा, कोयता आमचा, जेवणही आमच्याकडे. सगळ्यांसमोर शपथ घे आणि त्या डॉक्टरणीचं तोंड कायमचं बंद कर. मी स्वतः तुझे डबे घरोघर वाटीन."

लाखभर म्हातारे कान देऊन ऐकत असताना नाही म्हणायची सोय नव्हती. "येईन की," तो म्हणाला. "का नाही येणार?" आणि घाईघाईने त्याने गाणं लावलं.

म्हातारे विसरतील असं त्याला वाटलं असावं. पण उत्सव, कोंबडा आणि फुकट जेवण या तीन गोष्टी कुठला म्हातारा विसरतो? दुसऱ्या दिवसापासून फोन करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तोच प्रश्न. आ-ह्योंग, बसने येणार की गाडीने? आ-ह्योंग, मुलाबाळांना आणणार ना, आम्हाला बघायचीयत. आ-ह्योंग गाणी जास्त लावू लागला आणि फोन कमी घेऊ लागला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो ह्वेसिंगला. "आता दूध का दूध होईल," तो म्हणायचा. त्याने स्वतः बाजारात जाऊन पांढराशुभ्र कोंबडा आणला, त्याला तांदूळ घातले, न्हाव्याकडे जाऊन आला, लग्नाकार्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला. पाहुण्याला उकडलेलं कालव आवडेल की तळलेलं, यावर त्याने बायकोशी दोन दिवस वाद घातला. आ-त्वानला त्याच्याकडे बघून मधूनच गलबलून येई. पण ती मागे हटली नाही. आ-ह्योंग येणार नाही, ह्वेसिंगचा भ्रम फिटेल, तो एक दिवस रडेल आणि मग डॉक्टरकडे येईल, असा तिचा सरळ हिशेब होता.

उत्सवाच्या दिवशी देवळाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आजूबाजूच्या गावांतून म्हातारेकोतारे स्कूटरवर, नातवांच्या गाड्यांत बसून आले होते. कितीतरी जणांचे चेहरे ह्वेसिंगसारखेच गोल आणि लकाकणारे होते. आ-त्वानने ते एका ठिकाणी असे पहिल्यांदाच पाहिले आणि ती ते मोजू लागली. मागे भिंतीला टेकून डॉक्टर को भाजलेला माकूल मासा खात उभ्या होत्या. आ-त्वाननेच त्यांना बोलावलं होतं.

उदबत्त्या जळल्या, नव्या लावल्या, त्याही जळल्या. आ-ह्योंगचा फोन बंद. कुणीतरी खिशातला रेडिओ लावून पाहिला, तिथे सकाळपासून नुसती गाणी.

"गाडी बंद पडली असेल," एक म्हातारी म्हणाली.

"किंवा कोंबड्याला घाबरला असेल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसायला लागले.

ह्वेसिंग फळीशेजारी कोंबडा काखेत धरून उभा होता. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. ते हसणं ऐकलं आणि त्याने मान वर केली.

"हसू नका," तो म्हणाला. "तो येऊ शकला नसेल. मी आहे ना. त्याच्या वतीने मी घेतो शपथ."

आ-त्वानच्या पायाखालची वाळू सरकली. हे तिच्या हिशेबात कुठे नव्हतंच. शपथ जो घेतो तिचं फळ त्याच्यावर आणि त्याच्या घरावर पडतं. तिथे ना वशिला चालत ना वकील. दुसऱ्यासाठी लावलेल्या सापळ्यात तिचाच म्हातारा पाय घालत होता, आणि तोही इस्त्रीचा शर्ट घालून. गोळीत काय होतं ते तिला पक्कं माहीत होतं. ओंग-यालाही माहीत असणार. ह्वेसिंगने कोंबडा फळीवर ठेवला, कोयता उचलला. तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

धावत जाऊन कोंबडा हिसकावून घ्यावा असं तिच्या मनात आलं. पण हिसकावला असता तर हा मरेपर्यंत म्हणत राहिला असता की बायकोने अडवलं, नाहीतर मी सिद्ध केलं असतं. मग तिने देवाने दिलेला गळा वापरला.

"घेऊ दे त्याला शपथ!" ती ओरडली, आणि झाडावरचे पक्षीसुद्धा उडाले. "पण रीतसर घेऊ दे. ग्वान काका, मोघम शपथ चालते का हो?"

देवळाचे कारभारी ग्वान काका म्हणजे वाळलेलं लाकूड. ते सावकाश पुढे आले. "नाही चालत. बोट माझी म्हणायचं तर कुठली बोट, कुणी बांधली, कुठल्या लाकडाची, ते सांगावं लागतं. देवाला अंदाज सांगायचा नसतो."

"मग सांग म्हाताऱ्या," आ-त्वान म्हणाली. "आठ वनस्पती आहेत ना? नावं घे आणि मग काप."

"त्यात काय," ह्वेसिंग म्हणाला. "जिनसेंग."

"एक."

"ज्येष्ठमध. आलं."

"हे तर माझी सून आमटीत घालते," कुणीतरी म्हणालं, पण या वेळी कुणी हसलं नाही.

ह्वेसिंग तिनावर अडला. त्याने समोरच्या गर्दीकडे पाहिलं. "अरे, सांगा कुणीतरी. तुम्हीही खाताच की."

लोक एकमेकांकडे बघू लागले. किती वर्षं खात होते सगळे. शेवटी पुढच्या रांगेतली एक म्हातारी पुटपुटली, "दालचिनी असेल."

"असेल नको," ह्वेसिंग म्हणाला. "देवासमोर उभा आहे मी."

त्याने आणखी थोडा विचार केला, आणि मग अगदी हळू म्हणाला, "जिनसेंगही खोडा. ते त्याने नाही सांगितलं. मीच धरून चाललो. तिन्ही मीच धरून चाललो." कोयत्याचा हात खाली आला. "सहा वर्षं रोज ऐकतोय. आठ वनस्पती, आठ वनस्पती. नाव एकीचंही नाही घेतलं त्याने. माझी एवढी चौकशी करायचा, मी एकदाही नाही विचारलं."

आ-त्वानला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तिला फक्त जाऊन त्याला धरावंसं वाटलं. ती निघालीही, पण ह्वेसिंगने हात वर करून तिला थांबवलं.

"काका," त्याने ग्वानना विचारलं, "वेगळी शपथ चालेल का?"

"कुठली?"

ह्वेसिंगने उत्सवाचा माइक ओढून घेतला. रेडिओवर त्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. गोळ्यांचे गुण गायला तो हाच आवाज लावायचा. "मी तिंग ह्वेसिंग. मी तुम्हाला ज्या गोळ्या घ्यायला सांगितलं, त्यांत काय आहे ते मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. तरी सांगितलं." त्याने मानेने फळीवरच्या कोंबड्याकडे खूण केली. "हे खोटं असेल तर माझं या कोंबड्यासारखं होवो."

"चालेल," ग्वान काका म्हणाले. "पण याला कोंबडा मारायची गरज नाही. हे खरंच आहे."

पुढच्या रांगेतल्या म्हातारीने पिशवीत हात घातला, डबा काढला आणि देवाच्या टेबलावर फळांच्या शेजारी ठेवला. मग दुसऱ्या कुणीतरी ठेवला. एकजण तावातावाने म्हणाला, "आजच सगळ्या गटारात ओततो!"

"नाही!" भिंतीजवळून डॉक्टर को ओरडल्या. मासा हातातच होता. त्या एका दमात बरंच काही बोलल्या, एकदम बंद केल्या तर काय होतं, किती दिवसांनी किती कमी करायच्या, रक्त कधी तपासायचं. अर्ध्या लोकांच्या डोक्यावरून ते गेलं. घाबरून काहींनी डबे परत उचलले.

ह्वेसिंगने कान देऊन ऐकलं. मग त्याने माइक परत तोंडाशी धरला.

"पोरी, तू हळू बोल. हे लोक म्हातारे आहेत, मी सांगतो त्यांना." आणि तो गर्दीकडे वळला. "ऐका रे. कुणी काही फेकायचं नाही. डबा हातात धरायचा आणि या पोरीसमोर रांगेत उभं राहायचं. ती सांगेल तशा कमी करायच्या, एकेक. लाजायचं नाही. मला बघा, मला लाज वाटून घ्यायची आहे तेवढी मी घेतली, तुमच्यासाठी उरलेली नाही."

लोक घुटमळले. पुढे कोण जाणार, हाच प्रश्न होता. आ-त्वानच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. गावाने हे पहिल्यांदाच पाहिलं.

ह्वेसिंगने कोंबडा तिच्या हातात दिला, सुजलेले पाय ओढत अंगण पार केलं, रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा राहिला आणि इस्त्रीच्या शर्टाची बाही दुमडून हात डॉक्टरणीपुढे केला.